दुपारची वाहतूक

माझी मुलगी दुपारी झोपत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. नगररचना समितीला तेवढं ते कळायचं राहिलं होतं.

मुलीला घरात भिंगरी म्हणतात. तेव्हा ती नुकती चालायला लागली होती. मांडीवर घेतलं तर मांडी आखडायची, खांद्यावर घेतलं तर खांदा, आणि ती टक्क उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहायची, जणू मला झोपवायची जबाबदारी कुणीतरी तिच्यावर टाकली आहे. नवरा कामासाठी परगावी, महिन्यातून दोनदा यायचा. घरात आम्ही तिघंच: भिंगरी, मी आणि आप्पा, म्हणजे माझे सासरे. आप्पांनी उभं आयुष्य बस चालवली. "माझ्या गाडीत उभे प्रवासीसुद्धा पेंगायचे," असं ते सांगायचे. हे कौतुक की तक्रार, ते मात्र कधी सांगत नसत.

आमचं घर बर्फाच्या जुन्या कारखान्यामागच्या गल्लीत आहे. कारखाना बंद पडून कितीतरी वर्षं झाली, पण त्याच्या भिंती अजून थंड लागतात. भर दुपारी त्या भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की आत कुठेतरी अजून बर्फ शिल्लक असेल असं वाटतं, कुणाच्या लक्षात न आलेला, अंधारात हळूहळू विरघळणारा. गल्लीत दुपारी हलतात ती फक्त वाळत घातलेली कापडं. मांजरं रस्त्याच्या मधोमध आडवी पडलेली असतात. आमचं दार थेट रस्त्यावर उघडतं, मध्ये पायरी नाही की कठडा नाही. भिंगरी घरातल्या जमिनीवर नाही, रस्त्यावरच चालायला शिकली म्हटलं तरी चालेल. म्हणून मी सतत दारात. कोणती दुचाकी कधी येते, कोण वळणावर भोंगा वाजवत नाही, कुणाचे ब्रेक कुरकुरतात, सगळं मला तोंडपाठ. आई झाल्यापासून माझ्या डोक्यात एक चौकीदार बसला आहे आणि त्याला सुट्टी नाही.

एका सकाळी दोन माणसं आली आणि त्यांनी कारखान्याच्या मागच्या बंद दाराजवळ रस्त्यावर आडव्या दोन काळ्या रबरी नळ्या खिळे ठोकून बसवल्या. नळ्यांची टोकं खांबाला साखळीनं बांधलेल्या एका पत्र्याच्या पेटीत गेली होती. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, पाणीवाल्यांचं काहीतरी असेल. आप्पा म्हणाले, भूकंप मोजत असतील. मी पदवीधर, म्हणून जवळ जाऊन पेटीवरचं वाचून आले. "हात लावू नये," एवढंच लिहिलं होतं. मी लावला नाही.

त्या दुपारी भिंगरीनं रडून रडून घर डोक्यावर घेतलं. आप्पा उठले, किल्ली घेतली आणि म्हणाले, "सूनबाई, बस मागे तिला घेऊन. एक फेरी मारून येऊ."

आमची गाडी जुनी, पण आप्पांच्या हातात ती मांजरासारखी चालते. गल्लीतून निघालो, त्या नळ्यांवरून गेलो. थप् थप्. भिंगरी रडता रडता थांबली. मुख्य रस्त्याला लागलो तशी पुन्हा सुरू. आप्पांनी गाडी वळवली. थप् थप्. पुन्हा गप्प. आरशात आप्पांचे डोळे मला दिसले. ते हसत होते.

"हिला ते आवडतंय," मी म्हणाले.

"अगं, आम्हाला कुणी असे ठोके दिले असते तर आम्हीसुद्धा झोपलो असतो."

मग ते पुढे गेलेच नाहीत. नळ्या ओलांडायच्या, चार हात पुढे जायचं, गिअर बदलून तसंच मागे यायचं. पुढे, मागे. थप् थप्, थप् थप्. भिंगरीच्या पापण्या जड झाल्या, एक मिटली, दुसरी अर्धी राहिली, मग तीही मिटली. तरी आप्पा थांबेनात. थांबलं की जागी होईल, ही भीती दोघांनाही.

तो सगळा आठवडा मला नीट आठवत नाही आणि तरी विसरताही येत नाही. काचेबाहेर तीच भिंत यायची आणि जायची. तीच निळी चादर दोरीवर फुगायची. आम्ही कुठेच जात नव्हतो आणि तरी प्रवास चालला होता. कधी वाटायचं, गाडी जागच्या जागी आहे आणि गल्लीच आमच्याखालून पुढे-मागे सरकते आहे, कुणीतरी आम्हा तिघांना मोठ्या पाळण्यात घातलं आहे. भिंगरीचं डोकं माझ्या दंडावर घामेजलेलं असायचं. आप्पा कसलीशी जुनी चाल गुणगुणायचे. डोक्यातला चौकीदार काठी बाजूला ठेवून जरा टेकायचा. मीही पेंगायचे. जाग यायची तेव्हा उन्हाची पट्टी सीटवरून माझ्या गुडघ्यापर्यंत आलेली असायची.

आठवड्यानं ती माणसं आली आणि नळ्या उखडून घेऊन गेली. आप्पा दारात उभे राहून बघत होते, एखादं बिऱ्हाड गाव सोडून चाललं असावं तसे.

त्यानंतर महिन्याभरानं कारखान्याच्या भिंतीवर सूचना लागली. कारखाना पाडून तिथे बाजारसंकुल होणार होतं. खाली दोन तळघरं गाड्यांसाठी, वर दुकानं. सोबत नकाशा. मुख्य रस्त्याच्या बाजूला दुकानांची तोंडं हवीत, म्हणून गाड्यांची ये-जा मागच्या दारानं, आमच्या गल्लीतून. नकाशावर एक लाल बाण होता. बाणाचं टोक आमच्या उंबऱ्याला टेकलं होतं.

माझी झोप, जी काय उरली होती, ती गेली. डोळे मिटले की तो बाण गाड्या घेऊन यायचा आणि दारात भिंगरी उभी असायची, हातात एक चप्पल घेऊन.

गल्ली एक झाली. मास्तरीणबाईंनी आक्षेप लिहून काढला. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आणि भाषा तोफेसारखी. "सदर गल्लीत आधीच वाहनांची प्रचंड वर्दळ असून चालणेही मुश्कील झाले आहे." सही करताना मी थबकले.

"बाई, प्रचंड? दुपारी तर मांजरं झोपतात रस्त्यात."

"अगं, रडल्याशिवाय आई तरी पाजते का? तू कर सही."

मी केली. आप्पांनीही केली, आणि वर म्हणाले, "मांजरांचीसुद्धा घ्या, तीही त्रस्त आहेत."

सुनावणी नगररचना कार्यालयातल्या लांबट खोलीत होती. पंखे होते, पण ते हवा घालण्यापेक्षा विचार करत असल्यासारखे फिरत होते. समोर टेबलाशी समितीच्या अध्यक्षबाई, चष्मा कपाळावर. एका बाजूला बिल्डरचे वकील, शेजारी त्यांनी नेमलेला वाहतुकीचा इंजिनिअर, माझ्याच वयाचा, सारखा पाणी पिणारा. दुसऱ्या बाजूला आम्ही गल्लीवाले. भिंगरी आप्पांच्या मांडीवर बसून त्यांच्या शर्टाचं बटण उपटत होती.

मास्तरीणबाईंनी आक्षेप वाचला. खणखणीत. शेवटच्या वाक्याला मागच्या रांगेतून टाळी पडली.

वकील उठले. गोड माणूस. "बाईंशी मी शंभर टक्के सहमत आहे," ते म्हणाले.

मास्तरीणबाईंचा चेहरा पडला. सहमतीची त्यांना सवय नव्हती.

"गल्लीत वर्दळ आहेच. आमची मोजणीही तेच सांगते. म्हणजे ही गल्ली नुसती राहत्या घरांची नाही, वाहता रस्ता आहे. नियमाप्रमाणे निवांत गल्लीत संकुलाचं फाटक देता येत नाही. वाहत्या रस्त्यावर देता येतं. जिथे एवढ्या गाड्या आहेतच, तिथे आणखी काही आल्या तर काय मोठा फरक पडणार?"

आप्पा माझ्या कानाशी पुटपुटले, "करायला गेलो गणपती, झाला मारुती."

इंजिनिअरनं खोलीतला दिवा मालवला आणि भिंतीवर आलेख टाकला. रबरी नळ्यांवरून गेलेलं प्रत्येक चाक पेटीनं मोजलं होतं, असं त्यानं समजावलं. दिवसाला एक याप्रमाणे लाल डोंगर एका रांगेत उभे होते. सकाळी सपाट, संध्याकाळी सपाट, मध्ये दुपारी एकदम चढ. "दुपारची वर्दळ विलक्षण आहे," तो म्हणाला. "दोन्ही दिशांना अगदी सारखी. आणि वेग फारच कमी, म्हणजे माणसाच्या चालीइतका. यावरून कोंडी होते हे स्पष्ट आहे."

मी त्या डोंगरांकडे बघत राहिले. अंधारात ते हलताहेत असं मला वाटलं, श्वासासारखे वरखाली. आणि मग ते ओळखीचे दिसायला लागले. पहिला डोंगर बुटका. त्या दिवशी नळ्यांची युक्ती आम्हाला उशिरा सापडली होती. दुसऱ्याला मध्येच एक खाच. तेव्हा भंगारवाल्याच्या हाकेनं ती दचकून उठली होती आणि आम्ही परत पहिल्यापासून सुरुवात केली होती. चौथा सगळ्यात उंच, रुंद, त्याला उतारच नव्हता. आदल्या दिवशी तिला लस टोचली होती. ताप होता. आप्पा ऊन कलेपर्यंत पुढे-मागे करत राहिले होते.

भिंतीवर वाहतूक नव्हती. भिंतीवर माझी मुलगी झोपली होती.

उठून हे सांगायचं म्हणजे आमच्याच आक्षेपावर पाणी ओतायचं. आम्ही म्हटलं वर्दळ आहे, आणि मी म्हणायचं की चिटपाखरू नसतं. मास्तरीणबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या, त्यांच्या साडीची घडी माझ्या हाताला लागत होती. शिवाय एवढ्या लोकांत सांगायचं की मला माझं एक मूल झोपवता येत नाही. पण लाल बाणाचं टोक माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

"बाई, मला बोलायचंय," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण लांबून आला.

अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बोला."

"ही वर्दळ नाही. ही आमची गाडी आहे. एकच. माझी मुलगी झोपत नव्हती म्हणून आम्ही त्या नळ्यांवरून पुढे-मागे करत होतो. गल्लीत दुपारी काहीच नसतं. आक्षेपात लिहिलंय ते... ते जरा फुगवलेलं आहे."

आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळी खोलीच हसली. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. "वा गं वा," त्या दातांतून म्हणाल्या, "घरचा आहेर!"

वकीलही हसले. "गोष्ट छान आहे. पण मोजणी विरुद्ध गेल्यावर सुचलेली."

मी इंजिनिअरकडे वळले. "तुमच्या भिंतीवर पाचच दिवस दिसताहेत. पुढच्या पानावर शनिवार असेल ना? त्या दुपारी एकही गाडी नसेल. आम्ही माझ्या आईकडे गेलो होतो. आणि रविवारचा डोंगर उशिरा सुरू होत असेल, कारण रविवारी तिला न्हाऊमाखू घालते, जेवण लांबतं."

त्यानं पान उलटलं. शनिवार सपाट होता, पुसून काढल्यासारखा. रविवारचा डोंगर बाकीच्यांपेक्षा उजवीकडे सरकून उभा होता. पाण्याचा पेला त्याच्या हातात तसाच राहिला.

"मलाही दुपारचं हे कोडं होतं," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, जवळ शाळा असेल."

"शाळा नाही," आप्पा बसल्या जागेवरून म्हणाले. "विद्यार्थिनी आहे. ही काय."

भिंगरीनं उपटलेलं बटण सगळ्यांना दाखवलं.

वकील म्हणाले, एका शनिवारानं काही सिद्ध होत नाही, सांगोवांगीवर निकाल देता येणार नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, बरोबर आहे. म्हणून समितीच गल्लीत येईल, दुपारी, नळ्या परत घालून. "आणि गल्लीतल्या कुणी," त्यांनी मास्तरीणबाईंकडे बघून सांगितलं, "त्या दिवशी गाड्या काढायच्याही नाहीत आणि लपवायच्याही नाहीत. नेहमी वागता तसं वागायचं."

मास्तरीणबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. दारासमोरून जाताना त्या भिंतीकडे बघत जायच्या. मला दुसरीच धास्ती होती. त्या दिवशी भिंगरी झोपलीच नाही तर? अनोळखी माणसं बघून किंचाळत बसली तर? माझा शब्द आता तिच्या पापण्यांवर टांगलेला होता.

ठरल्या दिवशी समिती आली. अध्यक्षबाई छत्री घेऊन, त्यांच्यामागे फाईल सांभाळणारा कारकून, मग वकील, शेवटी इंजिनिअर खांद्यावर नळ्या घेऊन, गारुड्यासारखा. गल्लीतले सगळे दारांत उभे. नेहमीसारखं वागायला सांगितलं की माणसं किती अवघडतात ते त्या दिवशी पाहिलं. एकजण उगीचच कोरडी चादर झटकत होता. मांजरं तेवढी नेहमीसारखी वागली.

इंजिनिअर पेटीजवळ पाटावर बसला. बराच वेळ कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. एक सायकल आली. सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की सायकलस्वार उतरून चालायलाच लागला.

"आता तुमची गाडी," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मी आत बसते. मला बघायचंय."

त्या मागे माझ्याशेजारी बसल्या. भिंगरी आमच्या मध्ये. तिनं अध्यक्षबाईंच्या चष्म्यावर झडप घातली, त्यांच्या साडीचा पदर तोंडात घातला, मग माझ्या केसांना लटकली. झोपेचा मागमूस नव्हता. आप्पांनी गाडी सुरू केली. थप् थप्. पुढे, मागे. भिंगरी सीटवर उभी राहून काचेतून वकिलांना टाटा करत होती. वकिलांनी घड्याळ पाहिलं.

"तिच्याकडे बघू नकोस," अध्यक्षबाई एकदम म्हणाल्या. "तू तिच्याकडे अशी बघतेस की मलाही झोप येणार नाही. बाहेर बघ."

मी बाहेर पाहिलं. भिंत आली, गेली. निळी चादर फुगली, बसली. आप्पांनी ती जुनी चाल धरली, हलक्या आवाजात. थप् थप्. ऊन दुधासारखं पांढरं झालं होतं. दारांतली माणसं चौकटींना टेकली. इंजिनिअरचं डोकं पेटीवर झुकलं, आकडे वाचायला की आणखी कशाला, कळेना. कारखान्याच्या भिंतीतून गारवा येत होता, पाय न वाजवता. किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या दंडाला घामेजलेला गरम भार जाणवला आणि मी श्वास रोखला. भिंगरी झोपली होती. तिच्या पलीकडे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अध्यक्षबाईही झोपल्या होत्या.

आरशात आप्पांनी डोळे मिचकावले. ते गाडी थांबवेनात. अध्यक्षबाईंना उठवायचं कुणी? वकील काचेशी आले आणि काचेवर बोट मारणार, तेवढ्यात मास्तरीणबाई दारातून धावल्या, अनवाणी, आणि त्यांचा हात धरून ओढला. "खबरदार!" त्या म्हणाल्या, पण अगदी दबक्या आवाजात. "पोर झोपलंय."

अध्यक्षबाई आपोआप जाग्या झाल्या तेव्हा सावली भिंतीवरून उतरून रस्त्याच्या मध्यापर्यंत आली होती. त्यांनी चष्मा सावरला, आप्पांनी गाडी थांबवली, तशा त्या भिंगरीचा पाय आपल्या मांडीवरून जपून काढून, दार न आपटता खाली उतरल्या. भिंगरी हलली नाही. मी आतच बसून राहिले.

"किती?" अध्यक्षबाईंनी ओठांच्या हालचालीनं विचारलं.

इंजिनिअरनं पेटीतला आकडा बोटानं दाखवला. "डोंगर तसाच झालाय," तो कुजबुजला. "माझी आधीची मोजणी मी मागे घेतो."

"मग ही निवांत गल्ली आहे. मागच्या दाराचं फाटक नामंजूर. ये-जा मुख्य रस्त्यावरून करा, त्याचा नवा नकाशा आणा."

"बाई, निकाल मोठ्यानं वाचावा लागतो," कारकून भीत भीत म्हणाला. "सगळ्यांना ऐकू जाईल असा. नियम आहे."

अध्यक्षबाईंनी गाडीकडे पाहिलं. "हळूच वाच. ज्याला ऐकायचं असेल तो जवळ येईल."

आणि गल्ली जवळ आली. दारांतली माणसं चपला हातात घेऊन, चवड्यांवर, त्या कारकुनाभोवती गोळा झाली. तो फाईल तोंडाशी धरून वाचत होता आणि त्याच्या आवाजापेक्षा कागदाचाच आवाज जास्त होत होता.

"माझी हरकत नोंदवा," वकील कुजबुजले.

"नोंदवली," अध्यक्षबाई कुजबुजल्या.

मास्तरीणबाई गाडीच्या काचेशी आल्या. त्यांनी आधी भिंगरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावायचं राहूनच गेलं आहे असा त्यांचा चेहरा होता.

"तूही मीट डोळे," त्या म्हणाल्या. "मी उभी आहे इथे."

मी मिटले.